दहा म्हणेपर्यंत

निरोप पाथरीच्या स्टँडवर आला. मी शिकवते त्या शाळेत फोन नाही. परभणीहून काही कळवायचं असलं की सांगावा एखाद्या कंडक्टरच्या तोंडी येतो आणि स्टँडसमोरचा चहावाला तो माझ्यापर्यंत पोचवतो. एरवी तो रस्त्यावरूनच हाळी देतो, "बाई, तुमच्या घरून निरोप हाय!" त्या दिवशी मात्र तो शाळेच्या फाटकापर्यंत आला, डोक्याचा रुमाल सोडून हातात धरला आणि नुसताच उभा राहिला. मी तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावले होते. मी फाटकाकडे चालू लागले तरी पोरं थांबली नाहीत, थांबा म्हणायचं मला सुचलंच नाही. "बाई, गौतमभाऊ..." एवढंच तो म्हणाला. मागून पाढ्यांचा सूर येत होता आणि मला वाटत होतं, पाढा संपेपर्यंत तरी हे खरं धरायला नको.

गौतम माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. परभणीत त्याला 'बॉक्सर' म्हणून ओळखायचे. बॉक्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आडदांड गडी उभा राहतो. आमचा गौतम पन्नास-एक्कावन्न किलोचा. त्या वजनाच्या गटाला 'फ्लायवेट' म्हणतात, म्हणजे माशीच्या वजनाचा, असं त्याने घरी सांगितलं तेव्हा आबा कितीतरी वेळ हसत होते. "मान्सं मोठं व्हायला बगतेत, आन् हे माशी व्हायलंय!" पण हाच पोरगा पुढे मुंबई, मद्रास, हैदराबादच्या रिंगणात पैसे घेऊन लढला आणि देशाच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी उभा राहिला. आज ते कुणाला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्या पट्ट्याच्या लढतीत तो शुद्धीत असून उठला नाही. लढत विकली, असं लोक म्हणाले. गौतमला जाऊन आता महिना उलटून गेलाय. भेटायला आलेल्यांपैकी एक गृहस्थ चहा पिताना म्हणाले, "पोरगं गुणी होतं, ती एक चूक सोडली तर." मी जरा तिखट जिभेची आहे, पण त्या दिवशी गप्प बसले. आज मात्र त्या एका चुकीबद्दलच लिहायला बसले आहे.

त्यासाठी आधी आमच्या आबांचं काम सांगायला हवं. आबा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी. शेतकऱ्याचा माल आडत दुकानात काट्यावर चढतो, तेव्हा काट्याजवळ उभं राहून पोत्यांचा आकडा मोठ्याने पुकारतो तो मापाडी. पहिल्या पोत्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणजे लाभ... दोन... तीन... असं. आबांच्या पुकारण्याला घाई नव्हती. पोतं काट्यावर पडायचं, काटा हलायचा, हळूहळू थिरावायचा आणि मग आबांचा आवाज यायचा. थिरावल्याशिवाय आकडा नाही, हा त्यांचा नेम. व्यापाऱ्यांना घाई असायची, हलत्या काट्यावर माल घेण्यात त्यांचा फायदा. आबा कुणाचं ऐकत नसत. त्यांचा तो भरदार, संथ आवाज आडत लाइनीच्या पार टोकापर्यंत ऐकू जायचा आणि शेतकरी आपला माल त्यांच्याच काट्यावर घालावा म्हणून बैलगाड्या थांबवून ठेवायचे.

आम्ही मूळचे बोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातले. तेव्हा आबा बोरीच्या बाजारात हमाली करायचे, मोजणंही तिथेच शिकले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमची वस्ती पेटली. कुणी पेटवली त्यांची नावं मला अजून पाठ आहेत, पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. दिवस मावळायला आला होता. माय, आबा, मी आणि गौतम, आम्ही चौघं वस्तीमागच्या हायब्रीड जवारीत शिरलो. पीक कमरेएवढं होतं, उभं राहिलं की दिसणारच. आबांनी आम्हाला चिखलात पालथं पाडलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मी मोजायलोय. मी दहा म्हणेपर्यंत कुणी उठायचं न्हाई." आणि मोजायला लागले. लाभ... दोन... तीन... अगदी काट्यावर पोतं थिरावल्यासारखं, तेवढंच संथ. दहाजवळ आले की मान उचलून वस्तीकडे बघायचे आणि दहा न म्हणता पुन्हा लाभपासून सुरू करायचे. गौतम अकरा वर्षांचा. त्याचा हात माझ्या मुठीत होता, आधी थरथरत होता. मोजणं चालू राहिलं तसा तो हात हळूहळू शांत झाला. जवारीच्या ताटांचा हिरवा, ओला वास आणि वरून धुराचा वास. कितीदा मोजलं कोण जाणे... शेवटी आबा एकदाचे "दहा" म्हणाले. उठलो तेव्हा घर नव्हतं. बोरीपर्यंत चालत आलो आणि तिथून परभणीला.

त्यानंतर ते मोजणं आमच्या घरात राहायलाच आलं. गौतमच्या पायातला काटा काढायचा असो, ताप असो, दवाखान्यातली सुई असो, आबा मोजायला लागायचे आणि गौतम डोळे उघडे ठेवून, आबांच्या तोंडाकडे बघत निपचित पडायचा. दहा म्हटलं की उठायचा. पुढे माय आजारी पडून गेली, तेव्हाही तिच्या उशाशी बसून रडणाऱ्या गौतमला आबांनी असंच मोजून शांत केलं. मला त्या मोजण्याचा राग यायचा. मला जवारीचा वास यायचा. गौतमला मात्र तेवढाच आसरा वाटत असावा.

परभणीत आम्ही रुळांच्या पलीकडच्या वस्तीत राहिलो. तिथे जवळच एक पठाण राहत. फौजेत बॉक्सिंग खेळलेले, पेन्शनीत आलेले, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. आमच्या दारापुढच्या कडुलिंबाला त्यांनी सरकी भरलेलं पोतं टांगलं होतं आणि वस्तीतली पोरं त्यावर ठोसे मारायची. गौतम नुसता बघत बसायचा. एकदा चार पोरांनी मिळून त्याला बदडायचा बेत केला. उस्ताद बाजेवर बसून बघत होते. चौघं दमले, पण गौतमला कुणाचा हात लागला नाही. उस्ताद उठून आबांकडे आले आणि म्हणाले, "काकाजी, तुमारा लडका मारता नै, पर इसकू मारना बी नै होता. ये मेरेकू दे दो." आबांना वाटलं, फौजेत न्यायचं म्हणतायत. घाबरून नाहीच म्हणाले. समजूत पटायला दोन दिवस गेले.

संध्याकाळी आबा मोंढ्यातून आले की लिंबाखाली हातपाय पसरून बसायचे आणि त्यांच्यासमोर उस्तादांची शाळा भरायची. उस्ताद पडणंही शिकवायचे. मुक्का बसला, पडलास, तर धडपडून उठायचं नाही. पंच दहापर्यंत मोजतो, तोवर उठला नाहीस तर हरलास. एका गुडघ्यावर बसायचं, श्वास घ्यायचा, आठपर्यंत फुकटचा आराम आहे तो घ्यायचा आणि आठवर उठायचं. "आराम का पैसा नहीं लगता बेटा!" मग आकडे मोजायला आयता मापाडी समोर होताच. उस्ताद गौतमला खाली बसवायचे आणि आबा पुकारायचे, लाभ... दोन... तीन... उस्ताद कपाळावर हात मारायचे. "काकाजी, जरा जल्दी! तुम रेफ्री है, जवारी नै तौलरे!" आम्ही सगळे हसायचो. आबा पुढच्या वेळी घाई करायचा प्रयत्न करायचे, पण दोन-तीन आकड्यांत पुन्हा आपल्या चालीवर यायचे. गौतम आठला उठायचा, ताजातवाना होऊन. उस्ताद म्हणायचे, जाऊ द्या, हा पडणारच नाही तर मोजायचं कशाला.

आणि खरंच तो पडला नाही. जिल्हा झाला, राज्य झालं, पदकं आली. पोलिसात घेतील असं वाटलं होतं, पण उंची दोन बोटं कमी भरली. मग मुंबईचा एक माणूस आला. तो तिकीट लावून पैशाच्या लढती भरवायचा. त्यात अंगात बनियन नाही, डोक्याला टोप नाही, हातमोजे पातळ आणि फेऱ्या जास्त. आबांना ते पटेना. "पैसे घेऊन मार खायचा म्हन की!" गौतम हसला, "मारायचे घेतो आबा, खायचे न्हाई." पोस्टरवर त्याचं नाव 'टायगर गौतम' छापलं. वस्तीत ते पोस्टर आलं तेव्हा बाया पदराआड हसल्या, कारण टायगर त्या वेळी वजनापायी भाकरी मिळत नाही म्हणून माझ्यावर रुसून बसला होता. पण तो जिंकत गेला. मद्रासला जिंकला, हैदराबादला दोनदा जिंकला. हाताला लागत नाही तो, असं त्याच्याबद्दल म्हणायचे. तेवढ्या वर्षांत त्याची पाठ कधी जमिनीला टेकली नाही, म्हणून खऱ्या पंचाचं मोजणं त्याने कधी खाली बसून ऐकलंच नाही.

त्याचा खरा वैरी होता काटा. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं आणि पावशेर जरी जास्त भरलं तरी बाद. त्याचं शरीर वाढायच्या वयातलं, ते आत कोंडून ठेवायचं. युरियाच्या रिकाम्या पोत्याला गळ्याची आणि हातांची भोकं पाडून तो ते अंगात घालायचा आणि भर वैशाखात जिंतूर रोडने पळत सुटायचा. पोत्यात घामाचं तळं व्हायचं. शेवटच्या दोन दिवसांत पाणी बंद. तोंडात लिंबाची फोड धरायचा आणि थुंकत राहायचा, तेवढंच वजन उतरतं म्हणून. मी माठ झाकून ठेवायचे. पाणी ओतल्याचा आवाज ऐकू आला की तो घराबाहेर निघून जायचा. मग मोंढ्यात जाऊन आबांच्या काट्यावर उभा राहायचा. एकदा म्हणाला, "आबा, थोडा कडता धरा की." कडता म्हणजे पोत्याचं, कचऱ्याचं म्हणून मालाच्या वजनातून व्यापारी जे कापून घेतात ते. आबा म्हणाले, "माझ्या काट्यावर कडता न्हाई. शेतकऱ्याचा न्हाई आन् तुजाबी न्हाई." त्याचा सुकलेला चेहरा त्यांना बघवत नव्हता, तरी काटा थिरावल्याशिवाय त्यांनी आकडा सांगितला नाही.

पट्ट्याची लढत मुंबईला होती. जिंकला असता तर पुढे परदेशात लढती होत्या, नाव होतं, कायमचं काहीतरी होतं. मी तेव्हा नव्याने नोकरीला लागले होते, मला जाता आलं नाही. आबा आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला निघाले. धुतलेला सदरा, नवी टोपी, आणि वाटेत लागेल म्हणून भाकरी-ठेच्याचं गाठोडं. तिथे त्यांना रिंगणाच्या अगदी जवळ, गौतमच्या कोपऱ्यासमोर खुर्ची मिळाली. पुढचं सगळं मी उस्तादांच्या तोंडून ऐकलं. त्या वेळी वजन उतरवताना गौतमचे फार हाल झाले होते, ओठ फाटले होते. तरी तो पुढे होता. सात फेऱ्या त्याच्या होत्या असं उस्ताद म्हणत. मग समोरच्या कलकत्त्याच्या पोराने बरगडीखाली एक ठोसा घातला आणि गौतम खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा. शिकवल्याप्रमाणे एका गुडघ्यावर. डोळे उघडे, टक्क जागा. पंच मोजायला लागला. आठ झाले, गौतम उठेना. उस्ताद दोर पकडून ओरडत होते, "उठ! उठ रे!" गौतम आबांच्या खुर्चीकडे बघत होता. नऊ झाले, दहा झाले. पंचाने हात हलवून लढत संपवली. कलकत्त्याचा पोरगा नाचायला लागला... आणि मग गौतम उठला. अगदी ताजातवाना, दोन्ही हात हनुवटीशी घेऊन, लढायला तयार. सभागृहात आधी हशा पिकला, मग शिव्या आल्या, मग बाटल्या आल्या.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो होता. गुडघ्यावर बसलेला गौतम, डोळे उघडे, चेहऱ्यावर दुखल्याची खूण नाही. त्या फोटोने त्याचा निकाल लावला. शुद्धीत असलेला माणूस उठत नाही म्हणजे काय, हे लोकांना समजावून सांगावं लागलं नाही. तो घरी आला त्या दुपारी मी परभणीला आले होते. आबा न जेवता मोंढ्यात निघून गेले होते. तो लिंबाखाली खोडाला पाठ लावून बसला होता. मी विचारलं, "काय झालं रे?" म्हणाला, "अक्का, खाली बसलो आन् जवारीचा वास आला. तिथं कुठली जवारी? पर आला. आन् डोक्यात आबा मोजायला लागले. लाभ, दोन... त्या पंचाचं मला आयकूच आलं न्हाई. आबा आठ म्हनले तवा मी उठलो. तर सगळं संपलेलं." त्या शेतातला त्याचा हात मला माझ्या मुठीत लागला, खरोखर लागला. तोच पुढे म्हणाला, "आबाला सांगू नको. तेन्ला वाटंल, आपल्या मोजण्यापायी पोराचं वाटुळं झालं. जीव देतील ते." मी म्हणाले, "आणि लोकं विकला म्हणतायत ते?" तर म्हणाला, "म्हनू दे. ते माझ्यावर हाय. आबावर तर न्हाई ना!"

मला त्याचा भयंकर राग आला होता. आजही येतो. आबांनी त्याला एकदाच विचारलं होतं, शुद्धीत होतास का? तो होतो म्हणाला. मग उठला का नाहीस, हे आबांनी विचारलंच नाही. बापलेकांतलं बोलणं तिथून जे तुटलं ते कामापुरतं उरलं. जेवायला बसलं तरी दोघं भिंतींकडे बघायचे. मी समजत होते, पोराने बेइमानी केली असं आबांनी धरलंय. ज्याने उभ्या आयुष्यात कुणाचं माप मारलं नाही, त्याच्याच घरी हे व्हावं! आणि गौतम समोर बसून ते सहन करत होता, नुसता आबांना कळू नये म्हणून.

त्याच सुमाराला आबांचा आवाज बसला. बसला म्हणजे, त्यांनी पुकारणं सोडलं. काट्याजवळ उभे राहायचे, पोतं थिरावलं की खिशातला खडा काढून फळीवर ठेवायचे. पोत्यागणिक एक खडा. घशाला काय झालंय म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि काही नाही म्हणाले. घरी ते नीट बोलायचे, फक्त मोजायचे नाहीत. मोंढ्यातल्या लोकांनी तेही पोराच्या खात्यावर टाकलं. "मापाड्याच्या पोरानं माप मारलं, म्हाताऱ्यानं आवाज टाकला." गौतम त्या दिवसांत, लढती नसतील तेव्हा, आबांच्याच काट्यावर हमाली करायचा. स्वतःच्या वजनाहून जड पोती पाठीवर घ्यायचा. तो पोतं टाकायचा, आबा खडा ठेवायचे. एवढ्या मोठ्या गजबजाटात ते दोघं मुक्याने काम करायचे.

लढती पुढेही काही वर्षं चालल्या, पण आता त्याला बोलावणं यायचं ते दुसऱ्याला जिंकवायला म्हणून. नव्या पोराचं नाव व्हायचं असलं की समोर जुना टायगर उभा करायचे. तरी तो पाणी तोडून वजन उतरवायचा, आणि सांगितलं म्हणून कधी हरला नाही, हरला तेव्हा खरंच हरला. एके दिवशी आबांच्या काट्यावर त्याचं वजन जास्त भरलं. काही न खाता चार दिवसांत इतकं वाढलं. आबा मनातून खूष झाले, पोराचं अंग भरायलंय म्हणून. मलाही बरं वाटलं. मग त्याच्या पायाला सूज दिसली. ते अंग नव्हतं, पाणी होतं. मूत्रपिंडं गेली होती. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की आता पाणी मोजून द्यायचं, दिवसाला दोन पेले. तो हसला मला बघून. "अक्का, हितंबी वजनच करायचं हाय का?" मी चमच्याने त्याच्या ओठांना पाणी लावायचे. जन्मभर तहानलेला राहिला माझा भाऊ.

विद्यापीठाला शेवटी नाव जोडलं गेलं, तेव्हा वस्तीत गुलाल उधळला, हलगी वाजली. त्याला बाजेसकट दारात आणून ठेवलं होतं. बाया त्याच्या तोंडात पेढा घालायला आल्या, त्याने पेढ्याऐवजी पाणी मागितलं. मी आबांकडे पाहिलं, आबांनी मान हलवली. त्या दिवशी मी त्याला पेलाभर दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरून, थांबत थांबत प्यायलं. मग गुलालाकडे बघत म्हणाला, "बरं झालं उठलो नव्हतो तवा आपण." मला आधी कळलंच नाही तो कधीचं बोलतोय ते, तो जवारीतल्या त्या संध्याकाळचं बोलत होता. त्यानंतर काही आठवड्यांनी, मी पाथरीला असताना तो गेला. उशाशी आबा होते.

बौद्ध रीतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. लिंबाखाली मी आणि आबा दोघंच उरलो. आता कुणापासून लपवायचं? पोराला बेइमान समजून आबांनीही जावं, हे मला सहन होईना. मी सगळं सांगितलं. गौतमने काय ऐकलं, का उठला नाही, का बोलला नाही. म्हटलं, "आबा, तेनं लढत विकली न्हाई. तेच्या डोक्यात तुमी मोजत होते."

आबा पोत्याकडे बघत होते. म्हणाले, "डोक्यात न्हाई, अक्का. मी खरंच मोजत होतो."

मी पुढे सरकून बसले.

"ते खाली बसलं आन् माझ्याकडं बगितलं. लहानपनी बगायचं तसं. माझे व्हट आपोआप हलायला लागले. लाभ, दोन... ते माझ्या व्हटाकडं बगत होतं. तो पंच दहा म्हनला, तवा मी सहावर होतो." मग म्हणाले, "मी तेला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तेला वाटलं असतं, आपल्या मोजण्यापायी पोरगं हरलं हे बापाला कळलं. झुरला असता. म्हनून मी आपलं मोजायचंच सोडलं."

म्हणजे इतकी वर्षं दोघं एकाच गोष्टीवर पांघरूण घालत होते, एकमेकांना थंडी वाजू नये म्हणून. आणि मी दोघांच्या मध्ये बसून जेवण वाढत होते. त्या संध्याकाळी मी मोठ्याने रडले, गौतम गेला त्या दिवशी रडले नव्हते तेवढी.

उस्ताद आता थकलेत, पोरांना शिकवत नाहीत. सरकीचं पोतं मात्र अजून लिंबाला आहे. शिवण उसवून खाली थोडी सरकी सांडते, चिमण्या येतात. शनिवारी शाळा सुटली की मी परभणीला येते. दिवस कलला की आबा त्या पोत्याजवळ उभे राहतात, हाताने त्याला हलकासा झोका देतात आणि ते थिरावायची वाट बघतात. थिरावलं की पुकारतात. मोठ्याने, पूर्वीच्याच आवाजात. लाभ... पुन्हा झोका, पुन्हा थांबणं. दोन... तीन... रुळांच्या त्या बाजूच्या बायासुद्धा मान वळवून ऐकतात. सहापाशी त्यांचा आवाज जरा अडखळतो. मग सात, आठ. नऊ म्हणतात, पुन्हा झोका देतात, पोतं थिरावतं, आणि ते घरात येऊन हात-पाय धुतात.

गेल्या शनिवारी मी विचारलं, "आबा, दहा कामून म्हणत न्हाईत?"

ते पाय पुसत होते. म्हणाले, "दहा म्हनलं की उठावं लागतंय तेला. लय दमलंय माय ते. पडू दे."